कव्हर बसण्याआधी

विंटेज मोटरसायकलींच्या मेळाव्यात लोकांची नजर आधी टाकीवर जाते. हाताने ओढलेली सोनेरी रेघ, क्रोमचा सायलेन्सर, चामड्याची सीट. हे सगळं कौतुकाचंच आहे, त्यामागे कारागिरांची मेहनत असते. पण ती मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर धावणार की मांडून ठेवायची वस्तू होऊन राहणार, हे ठरतं तिच्या उजव्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरमागे. तिथे गिअर बॉक्स असतो. तो नीट बसला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकीचा बसला तर पहिल्याच चढाला कळतं.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्यानंतर नीरा नदी लागते. ती ओलांडली की शिरवळ. जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार हाताशी आहे. औद्योगिक वसाहतीमुळे चांगले लेथवाले गावातच आहेत. आणि गाडी तयार झाली की तिची खरी परीक्षा घ्यायला खंडाळ्याच्या पुढे खंबाटकी घाट उभाच आहे. आमची शेड अशा मोक्याच्या ठिकाणी आहे. तिथे कव्हर बसण्याआधी काय काय घडतं, त्याचे हे किस्से.

गाडी मद्रासची, आटे इंग्लंडचे

शेडमध्ये सर्वांत जास्त येते ती बुलेट. 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचं, 346 सीसीचं तिचं इंजिन मूळचं इंग्लंडमधल्या रेडिचचं. 1955 साली मद्रास मोटर्सने रॉयल एनफिल्डशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया सुरू केली. आधी तिकडून आलेले भाग इथे जोडले जात, पुढे सगळेच भाग इथे बनू लागले. रेडिचची कंपनी कालांतराने बंद पडली, पण मद्रासची बुलेट थांबली नाही. तिच्यासोबत बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा गिअर बॉक्सही भारतात कित्येक दशकं टिकला. चार गिअर, उजव्या पायात, पहिला वर आणि उरलेले तीन खाली.

लोणंदकडच्या एका शेतकऱ्याने आजोबांच्या बुलेटचा असाच गिअर बॉक्स पोत्यात घालून आणला होता. कव्हरचे तीन बोल्ट नवे चकचकीत, पण एकही आवळला जात नव्हता. "नवीन बोल्ट टाकलेत मिस्त्री, तरी गळतंय," तो म्हणाला. आमच्या शेडच्या मिस्त्रींनी एक बोल्ट काढून जुन्या बोल्टाच्या आट्यांवर आडवा धरला आणि उजेडात बघितला. दोघांच्या आट्यांमध्ये फट दिसत होती.

जुन्या इंग्रजी गाड्यांचे असे बोल्ट बहुधा व्हिटवर्थ घराण्यातले. त्यांच्या आट्याचा कोन 55 अंशांचा, तर आजच्या मेट्रिक बोल्टाचा 60 अंशांचा. इंग्रजी आटे इंचात मोजायचे, मेट्रिक मिलिमीटरमध्ये. मापाने जवळपास सारखा दिसणारा मेट्रिक बोल्ट जुन्या भोकात दोन फेरे आनंदाने जातो, मग घट्ट होतो. इथेच माणूस फसतो. त्याला वाटतं आवळला गेला. मग पान्याला पाइप लावून जोर केला की ॲल्युमिनियमचे मऊ आटे सोलून निघतात.

"बोटानं शेवटपातूर जायाला पायजे," मिस्त्री नेहमी सांगतात. "पाना फकस्त शेवटच्या आवळणीला. आदीच पाना लागला, तर समजायचं, हा बोल्ट ह्या भोकाचा न्हाई."

त्या गिअर बॉक्सची भोकं मोठी करून आत पोलादी तारेचे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवावे लागले. तेव्हापासून शेडमध्ये जुन्या बोल्टांचे वेगवेगळे डबे आहेत. गंजलेला का होईना, खरा बोल्ट असेल तर तो फेकत नाहीत. घासून, धुऊन, तेल लावून परत वापरतात.

तेलातली चमक

गिअर बॉक्स उघडण्याआधी मिस्त्री आतलं तेल काढून पांढऱ्या ताटलीत घेतात आणि त्यात लोहचुंबक फिरवतात. नवख्या पोरांना हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. पण अर्धं निदान तिथेच होतं.

चुंबकाला राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ लागला तर काळजी नाही. वर्षानुवर्षं एकमेकांवर चालणाऱ्या दात्यांची ती नेहमीची झीज असते. बोटांना टोचणारे चकचकीत कण लागले तर दात्यांवरचं कडक आवरण उडालंय. अशा गिअरचं पोलाद फक्त पृष्ठभागावर कठीण केलेलं असतं, आत ते तुलनेने मऊ असतं. वरचा थर गेला की खालचं लोखंड भराभर झिजतं. आणि तेलात पिवळसर झाक असेल, पण चुंबकाला ती लागत नसेल, तर ती ब्राँझची पूड. म्हणजे कुठला तरी बुश गेलाय.

उघडल्यावर भाग पांढऱ्या कापडावर निघतील त्याच क्रमाने मांडायचे, अशी शिस्त आहे. वॉशर कुठल्या बाजूला होता, त्याची गुळगुळीत बाजू कुठे होती, हे हलवण्याआधी बघायचं. आता मोबाइलमुळे फोटो निघतात, पण फोटोत वॉशरची जाडी दिसत नाही. म्हणून प्रत्येक वॉशर मायक्रोमीटरने मोजून आकडा त्याच्याशेजारी चिठ्ठीवर लिहायचा.

कधी कधी या कापडावर आधीच्या दुरुस्त्यांचा सगळा इतिहास उलगडतो. एका गिअर बॉक्समध्ये गिअर जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या खिटीची स्प्रिंग बॉलपेनची निघाली. कुण्या मेकॅनिकने कुठल्याशा आडगावी, सुटा भाग मिळेना म्हणून, मालकाला घरी पोचवण्यापुरती ती युक्ती केली असणार. तिने आपलं काम केलंही होतं. फक्त नंतर कुणी ती बदलली नाही. ती स्प्रिंग इतकी मऊ की गिअर जागेवर धरलाच जात नव्हता. मालकाने क्लच प्लेट बदलून पाहिल्या होत्या, केबल बदलली होती, आणि दोष होता तो एका पेनाच्या स्प्रिंगमध्ये.

दह्याशेजारचं बेअरिंग

गिअर बॉक्सच्या कवचात बेअरिंग बसवणं हे ताकदीचं काम आहे, असा मोठा गैरसमज आहे. हातोडा, लाकडाचा ठोकळा आणि दोन दणके. अशाने बसलेलं बेअरिंग वाकडं बसतं, किंवा बसताना कवचाच्या भोकाचा ॲल्युमिनियम खरवडून घेतं. एकदा भोक सैल झालं की पुढचं प्रत्येक नवं बेअरिंग त्यात फिरत राहतं.

शेडमध्ये या कामाची तयारी आदल्या रात्री होते. नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिस्त्रींच्या घरच्या फ्रीजरमध्ये जातं. त्यांच्या घरी फ्रीजमधल्या दह्याच्या पातेल्याशेजारी काय ठेवलंय, हे आता कुणी विचारत नाही. सकाळी कवच सगळीकडून सारखं तापवायचं. थुंकीचा थेंब पडला की चर्र होऊन उडाला पाहिजे, एवढं. मग थंडगार बेअरिंग सरळ धरून सोडायचं. ते टक् असा आवाज करून आपोआप तळाला बसतं.

यामागचं गणित सोपं आहे. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम दर मीटरला सुमारे 23 मायक्रॉन फुगतं आणि पोलाद सुमारे 12. म्हणजे 60 मिलिमीटर व्यासाचं भोक 80 अंशांनी तापवलं तर ते जवळजवळ 0.11 मिलिमीटरने मोठं होतं. कागदाच्या एका पानाएवढी ही जागा, पण बेअरिंगला आत उतरायला पुरेशी. सगळं थंड झालं की कवच आकसून बेअरिंगला चहूबाजूंनी सारखं धरतं. तसं धरणं कुठल्याही हातोड्याला जमणार नाही.

आणि कधी थोडं दाबावंच लागलं, तर कवचात बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं की तो दणका गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या मार्गावर बारीक खळगे पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण गाडी चालू झाली की गुरगुर सुरू होते.

लेथवाल्याची संध्याकाळ

अल्बियनच्या रचनेतला सर्वांत हुशार भाग म्हणजे स्लीव्ह गिअर. मेनशाफ्ट त्याच्या पोटातून आरपार जातो. मेनशाफ्टच्या डाव्या टोकाला क्लच, त्याच्या मागे स्लीव्ह गिअरवर चेनचं स्प्रॉकेट. चौथ्या गिअरमध्ये हे दोन्ही एकमेकांत अडकून एकजीव फिरतात, म्हणून टॉप गिअरमध्ये शक्ती थेट जाते. खालच्या तीन गिअरमध्ये मात्र दोघांचा वेग वेगळा असतो आणि मधल्या ब्राँझच्या बुशांना ती घासाघीस सोसावी लागते. शेतावर, उसाच्या रस्त्यांवर, सतत दुसऱ्या-तिसऱ्यात फिरलेल्या गाड्यांचे हे बुश पार झिजलेले असतात. मग मेनशाफ्ट डुलतो, त्याच्यासोबत क्लच डुलतो आणि सगळे दोष क्लचच्या माथी मारले जातात.

तयार बुश विकत मिळतात. पण जुना शाफ्ट स्वतःही थोडा झिजलेला असतो, म्हणून बुश त्या शाफ्टच्या मापाने करावा लागतो. औद्योगिक वसाहतीत दिवसभर संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर हजारांनी भाग काढणारा एक कारागीर संध्याकाळी खास एका बुशसाठी जुन्या लेथवर उभा राहतो. त्याचं माप मिलिमीटरमध्ये, मिस्त्रींचं थाऊ आणि सुतात. इंचाचा हजारावा भाग तो थाऊ, आठवा भाग ते सूत. दोघं आपापल्या भाषेत बोलतात आणि माप मात्र एकच निघतं.

खरी मेख नंतर आहे. बुश जागेवर दाबून बसवला की तो चहूबाजूंनी आवळला जातो आणि त्याचं आतलं भोक लहान होतं. लेथवर शाफ्टला अगदी बरोबर बसलेला बुश गिअरमध्ये गेल्यावर शाफ्टला आत घेईनासा होतो. म्हणून भोकात आधी थोडा माल राखायचा, बुश बसवल्यावर रीमरने ते भोक अंतिम मापाला आणायचं आणि दोन्ही बुश एका रेषेत आहेत की नाहीत ते तपासायचं. तेल लावलेला शाफ्ट बोटांनी सोडला की स्वतःच्या वजनाने हळू उतरला पाहिजे. धपकन पडला तर सैल, अडकला तर घट्ट.

सातारा-सांगलीच्या पट्ट्याला लोखंडाचं हे वेड जुनंच आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर शेतात पोचले. 1975 साली साताऱ्यासाठी महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली आणि प्रिया स्कूटर जिल्ह्यात तयार होऊ लागली. गावोगावच्या गॅरेजमधल्या हातांना मापाचं भान आलं, त्यामागे अशा कारखान्यांमध्ये काम करून परतलेली माणसंही आहेत.

मोकळीक मोजायची

आता या सगळ्या कामाच्या गाभ्याशी येऊ. गिअर बॉक्समधला प्रत्येक शाफ्ट त्याच्या लांबीच्या दिशेने किंचित मागेपुढे सरकला पाहिजे. किती? हाताला जेमतेम जाणवेल इतकाच. ही मोकळीक शीम म्हणजे पातळ वॉशर घालून किंवा काढून राखतात. ती शून्य झाली, तर सगळं आवळून येतं. शाफ्ट मोकळा फिरत नाही आणि गिअर पडेनासा होतो. ती जास्त झाली, तर गिअर आपल्या जोडीदारापासून दूर राहतो, पुरता अडकत नाही.

इथे पॅकिंगचा किस्सा सांगायलाच हवा. कव्हर आणि कवच यांच्यामध्ये कागदी पॅकिंग असतं. तेल गळू नये म्हणून ते असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याची जाडीही मोकळिकीचा भाग असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भोरकडून आलेल्या एका गाडीत गळती थांबावी म्हणून कुणी दोन पॅकिंग एकावर एक लावली होती, वर शेलॅकचा थर. गळती थांबली, पण शाफ्ट आत खेळू लागला आणि गिअर सुटायला लागला. मालक म्हणे, गळत होती तेव्हा बरी होती. मिस्त्रींनी एक पॅकिंग काढलं, कव्हरची कड काचेवर घासून सपाट केली आणि दोन्ही तक्रारी एका दिवसात मिटल्या. मूळ दोष वाकलेल्या कडेत होता.

शेडचा नियम असा की पहिली जोडणी नेहमी कोरडी. शेलॅक नाही, ग्रीस नाही, लॉक वॉशर वाकवायचा नाही. सगळं बसवायचं, कव्हर आवळायचं, हाताने फिरवायचं, शाफ्ट सरकवून बघायचा. मग सगळं परत उघडायचं. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या एका मुलाने विचारलं, "बरोबर बसलंय तर परत का खोलायचं?"

"बरोबर बसलंय का, ते खोलल्यावरच कळतंय," मिस्त्री म्हणाले.

कोरड्या जोडणीत दात्यांना निळा रंग लावलेला असतो. उघडल्यावर तो कुठून पुसला गेला ते दिसतं. दात्याच्या मधोमध आणि रुंदीभर पुसला गेला तर जोडी जुळली. एका कडेलाच पुसला गेला तर अजून काम बाकी आहे.

दुसरा गिअर का सुटतो

जुन्या बुलेटच्या मालकांची सर्वांत ओळखीची तक्रार: "दुसऱ्यात टाकली आणि सोडली की न्यूट्रल होते." कित्येक जण वर्षानुवर्षं उजव्या पायाने गिअर दाबून धरत गाडी चालवतात आणि बुलेट म्हटली की असंच, असं स्वतःला समजावतात.

अशा गिअर बॉक्समध्ये दात्यांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. गिअर बदलताना सरकतात ते बाजूचे जाड खुंट, ज्यांना मेकॅनिक डॉग म्हणतात. या खुंटांच्या कडा ताशीव असतील तर जोर आला की ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. कडा झिजून गोल झाल्या की तोच जोर त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. म्हणजे गाडी जितकी जोरात खेचेल तितका गिअर सुटतो. त्यावर स्प्रिंग कडक करणं हा उपाय नाही. त्याने फक्त पायाला त्रास होतो आणि गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूने घासून निळा पडतो.

इथे पैशांचा प्रश्न येतो. एक गिअर बदलायचा की जोडी? वर्षानुवर्षं एकत्र चाललेल्या दात्यांनी एकमेकांचा आकार घेतलेला असतो. त्यातला एक नवा आणला तर तो जुन्याशी भांडतो, आवाज करतो आणि दोघंही लवकर झिजतात. म्हणून जोडीच बदलायची. जुन्या बाजारात भाग घेताना मिस्त्री आधी दाते मोजतात, मग डॉगच्या कडेवरून नख फिरवतात, मग पृष्ठभागावर खळगे आहेत का ते बघतात. विकणारा "एकदम ओरिजिनल" म्हणत असतो, तेव्हा त्यांचं लक्ष नखाकडे असतं. जुन्या काळातला कमी चाललेला गिअर आज बनवलेल्या नकली गिअरपेक्षा बहुधा चांगला निघतो, कारण त्याचं पोलाद आणि त्यावरची प्रक्रिया नेटकी होती.

स्टँडवरची घाई

गिअर बॉक्स गाडीवर चढला की मालकाला राहवत नाही. वाईहून आलेले एक निवृत्त शिक्षक गाडी स्टँडवर असतानाच सीटवर बसले आणि गिअर टाकू लागले. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडेना. त्यांचा चेहरा उतरला. "सर, जोर लावू नगा," मिस्त्री धावत आले. "मागलं चाक जरा फिरवा आन् मग टाका." चाक बोटभर फिरलं आणि तिसरा अलगद पडला.

यात दोष काही नव्हता. गाडी थांबलेली असताना एका गिअरचे खुंट समोरच्याच्या खुंटांवर आदळू शकतात, खाचेत जात नाहीत. शाफ्ट थोडा फिरला की खाच समोर येते. चालत्या गाडीत शाफ्ट फिरतच असतात, म्हणून हे जाणवत नाही. स्टँडवर गिअर पडेना म्हणून दांडीवर उभं राहिल्याने किती फोर्क वाकले असतील, याची मोजदाद नाही.

बाहेरची शेवटची जुळवणी फूट कंट्रोलच्या प्लेटची. तिची भोकं लांबट असतात. दोन नट ढिले केले की ती किंचित फिरवता येते. ती एका बाजूला गेली तर वरचा गिअर पुरता पडतो आणि खालचा अर्धाच. दुसऱ्या बाजूला गेली तर उलटं. दोन गिअरच्या मध्ये सापडणारं ते खोटं न्यूट्रल, ज्यासाठी बुलेट बदनाम आहे, पुष्कळदा या प्लेटच्या चुकीच्या जागेमुळे येतं. ती जुळवायला अर्धा तास आणि शांत डोकं लागतं, सुटा भाग एकही लागत नाही. मग टाचेजवळच्या छोट्या दांडीची, न्यूट्रल फाइंडरची, पाळी. चौथ्यातून थेट न्यूट्रल देणारी ही सोय सिग्नलला थांबणाऱ्यांसाठी वरदान आहे. ती चालत नसेल तर काम पुरं झालं असं शेडमध्ये मानत नाहीत.

डाव्या बाजूला प्रायमरी चेन. चेन पूर्ण फेरा फिरवून तिची सर्वांत ताठ जागा शोधायची आणि तिथे दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, ढिलावा ठेवायचा. चेन अतिताठ ठेवली तर ती मेनशाफ्टला सतत इंजिनाकडे ओढते आणि आत जिवापाड जपलेले बुश काही महिन्यांत वाकड्या बाजूने झिजतात.

येझदीची एकच दांडी

बुलेटवर हात बसलेल्या माणसाला येझदी पुन्हा शिकवते. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून जावा बनवली, 1973 पासून ती येझदी नावाने आली आणि 1996 साली कारखाना बंद झाला. या गाडीत गिअर आणि किक यांची दांडी एकच. ती आत दाबून वर वळवली की किक, खाली सोडली की गिअर. शिवाय गिअरच्या दांडीची हालचालच क्लच उचलते, त्यामुळे हाताने क्लच न दाबताही गिअर बदलता येतो.

ही युक्ती जितकी देखणी, तितकी तिची जुळवणी नाजूक. क्लचचा स्क्रू थोडा जास्त आत गेला तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. कमी गेला तर गिअर खडखडत पडतो आणि मालक गिअर बॉक्सला दोष देतो. आणि इथे गिअर बॉक्स वेगळा नसतो, तो इंजिनाच्याच पोटात असतो. एक वॉशर विसरला तर आख्खं इंजिन पुन्हा दोन भागांत उघडावं लागतं. म्हणून येझदी बंद करताना शेडमध्ये रेडिओसुद्धा बंद असतो. पांढऱ्या कापडावर एकही तुकडा उरलेला नाही, हे दोघांनी बघितल्याशिवाय कवचाचे दोन भाग एकत्र येत नाहीत.

खंबाटकीचा निकाल

शेवटचं मत घाटाचं. साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने खंबाटकी चढायची. पुण्याकडे येणारी वाहनं बोगद्यातून येतात. चढणीला तिसऱ्यातून दुसरा टाकायचा, थ्रॉटल पुरता उघडायचा आणि दांडीवरून पाय काढायचा. दुसरा टिकला तर डॉग बरोबर. मग थ्रॉटल एकदम सोडायचा. आता जोराची दिशा उलटते, चाक इंजिनाला ढकलतं आणि खुंटांच्या दुसऱ्या कडांची परीक्षा होते. सपाट रस्त्यावर उत्तम चालणारे गिअर बॉक्स इथे नापास झालेले पाहिले आहेत. वर पोचल्यावर गिअर बॉक्सला हात लावायचा. ऊब हवी, चटका नको. काही मूळ इंग्रजी पुस्तिकांमध्ये या बॉक्ससाठी पातळ ग्रीस सांगितलेलं आहे. आत तेल किती घालायचं हे ठरवताना ते विसरायचं नसतं.

खेड शिवापूरच्या एका तरुणाला आजोबांच्या बुलेटला नवा पाच गिअरचा, डाव्या पायाचा बॉक्स बसवायचा होता. जुना चार गिअरचा बॉक्स मिस्त्रींनी त्याच्याच आग्रहाने आधी नीट करून दिला, "एकदा घाट चढून बघ, मग ठरव" म्हणाले. तो परत आला तेव्हा पाच गिअरचा विषय त्याने काढलाच नाही. अशा बदलांत कायद्याचाही भाग आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला विंटेज म्हणून नोंदता येतं. नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचं 5,000. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. आणि ती रोजच्या वापरासाठी नाही.

शेडमध्ये आता प्रत्येक गिअर बॉक्सची एक नोंदवही असते. कुठला शीम किती जाडीचा, बुशचं भोक किती, कुठली जोडी बदलली, पॅकिंग किती जाड, कुठले बोल्ट इंग्रजी. गाडी देताना तिची प्रत मालकाच्या कागदपत्रांत जाते. बॉलपेनची स्प्रिंग लावणाऱ्या त्या मेकॅनिकने एवढं जरी लिहून ठेवलं असतं, तरी पुढच्या माणसाने ती पहिल्याच दिवशी बदलली असती. जुनी गाडी एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. कारखान्यातला कामगार, आडगावचा मेकॅनिक, लेथवाला आणि वापरणारा मालक अशी तिची साखळी असते. त्यात पुढचा कोण असेल हे आज ठाऊक नसतं. त्याच्यासाठी आतली मोकळीक नीट राखणं आणि ती लिहून ठेवणं, हेच गिअर बॉक्स बरोबर बसवणं आहे.